नागिणीच्या पोटात कांजिण्या

फाल्गुनातली गोष्ट. छत्तीसगढमध्ये, तेलीबांधा तलावापासून दोन गल्ल्या आत आमचं घर. आबांच्या डाव्या बरगडीखाली तीन दिवस जळजळत होतं. त्यांना वाटलं पित्त उसळलंय, आईला वाटलं उसण भरली असेल. चौथ्या दिवशी आंघोळीनंतर त्यांची पाठ पुसताना आईचा हात थांबला. मणक्यापासून निघून बरगडीवरून पोटाकडे वळलेला लाल पट्टा, आणि त्यावर भिजलेल्या साबुदाण्यासारखे फोड, एकमेकांना खेटून. "नागीण आहे ही," आई म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

तासाभरात त्या पट्ट्याला आणखी नावं मिळाली. सकाळच्या कामाला येणारी मुलगी आरंगकडची. ती म्हणाली, "बबा ला मेकरा मूत दे हे." मेकरा म्हणजे कोळी, तो अंगावरून मुतून गेला की असे फोड येतात, असं तिच्या गावात मानतात. संध्याकाळी डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं, हर्पिस एवढंच म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. या सगळ्या गडबडीत वहिनी चौदा महिन्यांच्या भाचीला कडेवर घेऊन दारातच उभी होती. रोज दुपारी ती पोर आबांच्या पोटावर झोपते. आदल्या दुपारीही झोपली होती.

"ताई, बाळाला आबांजवळ जाऊ द्यायचं का? तिला नागीण नाही ना होणार?"

हा प्रश्न आपल्या अनेक घरांत विचारला जातो आणि त्याला दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, नागीण अंगातल्या उष्णतेनं होते, ती कुणाला लागत नाही. दुसरा म्हणतो, म्हाताऱ्याला वेगळ्या खोलीत टाका, ताटवाटी वेगळी करा, पोराला दारातूनही दाखवू नका. दोन्ही चूक आहेत. बाळाला आबांकडून नागीण होत नाही. कांजिण्या मात्र होऊ शकतात. त्या कशा होतात, किती सहज होतात आणि घरातल्या कुणाला त्यांची सगळ्यात जास्त भीती, हे नीट कळलं तर बाळही सुरक्षित राहतं आणि आबाही एकटे पडत नाहीत.

दोन्ही रोगांचा विषाणू एकच आहे. लहानपणी कांजिण्या येतात, आठ-दहा दिवसांत खपल्या धरतात, पंधरवड्यात मूल खेळायला लागतं, आणि आपण समजतो की संपलं. विषाणू मात्र शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळांशी, मणक्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या गाठींत जाऊन निपचित पडतो. चाळीस, पन्नास, साठ वर्षं. मग वय झालं, मधुमेह असला, मोठं आजारपण झालं, स्टेरॉइड चालू असली किंवा काहीच कारण दिसलं नाही, तरी एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या एका मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर उतरतो. म्हणून आधी त्या पट्ट्यात आग होते आणि फोड मागून येतात.

नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं. आमच्या आईनं ते तात्यापाऱ्यातल्या तिच्या माहेरी ऐकलं होतं आणि त्या रात्री ती दर दोन तासांनी उठून आबांचा सदरा वर करून पाहत होती. पण मणक्यातून निघणारा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो, मधली रेघ ओलांडत नाही. म्हणून नागीण कमरेचा अर्धा वळसा घेऊन थांबते. तिची तोंडं जुळत नाहीत. क्वचित प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसात फोड अंगभर पसरतात, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर असतं. कदाचित जुन्या लोकांनी तसलंच काही पाहिलं असेल आणि त्यावरून ही समजूत बसली असेल. घाबरायची गोष्ट त्यांनी बरोबर ओळखली, कारण वेगळं लावलं.

जगभर या रोगाला लोकांनी दिसेल तसं नाव दिलं. ग्रीक शब्द झोस्टर, त्याचा अर्थ कमरपट्टा. इंग्रजी शिंगल्सच्या मुळाशी लॅटिनमधला पट्टाच आहे. नॉर्वेत त्याला नरकातली आग म्हणतात, इटलीत संत अँटनीचा अग्नी. पट्टा, आग, साप, कोळी. या एकाही नावातून कांजिण्यांशी असलेलं नातं दिसत नाही. आपल्याकडे तर हे दोन रोग दोन वेगळ्या दैवतांच्या हवाली आहेत. मोठी देवी आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या कांजिण्या आपण देवीच्या खात्यात टाकल्या. छत्तीसगढमध्ये कांजिण्यांना छोटी माता म्हणतात, दारात कडुनिंबाचा डहाळा लागतो, घरात फोडणी बंद होते आणि आषाढात शीतलामातेला थंडावा मिळावा म्हणून गावोगावी जुड़वास होतो. नागीण राहिली सापाच्या खात्यात. आजीला साप चावलाय आणि नातवाकडे देवी आली आहे, असं मानणाऱ्या घरात हे दोघे एकाच गोष्टीनं आजारी आहेत हे कुणाला सुचणार? डॉक्टरांनाही ते लवकर सुचलं नव्हतं.

ज्याला सुचलं तो बुडापेस्टचा बालरोगतज्ज्ञ होता, यानोश बोकाई. १८८८ सालापासून त्यानं एक गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली. घरात एखाद्या मोठ्या माणसाला नागीण होते आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच घरातल्या मुलाला कांजिण्या येतात. १८९२ मध्ये त्यानं हे हंगेरियन भाषेत मांडलं, १९०९ मध्ये व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकात जर्मनमध्ये लिहिलं. समकालीनांनी बरीच वर्षं हा योगायोग ठरवला. त्यांचा आक्षेप वेडगळ नव्हता. कांजिण्या सगळीकडेच असतात. मूल शाळेत जातं, गल्लीत खेळतं. कांजिण्या आबांकडून आल्या की शेजारच्या पोराकडून, हे सांगणार कसं?

१९२५ मध्ये व्हिएन्नातल्या कुंद्रातित्स नावाच्या डॉक्टरनं याचं उत्तर शोधायला नागिणीच्या फोडातलं पाणी निरोगी मुलांच्या कातडीत टोचलं. ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या नव्हत्या त्यांच्यातल्या काहींना कांजिण्यांसारखे फोड आले. ज्यांना होऊन गेल्या होत्या त्यांना काहीच झालं नाही. आज कुठलीही नीतिसमिती असा प्रयोग होऊ देणार नाही आणि देऊही नये. पण त्या मुलांच्या कातडीवरच पुरावा उमटला, आणि तो पुरावा वापरताना त्यांची आठवण ठेवणं मला आवश्यक वाटतं.

पुढचं काम प्रयोगशाळेत झालं. पोलिओवरच्या कामासाठी १९५४ चं नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी थॉमस वेलर याने त्याच दशकात कांजिण्यांच्या आणि नागिणीच्या फोडांतून विषाणू काढून पेशींमध्ये वाढवला आणि दोन्ही सारखेच निघाले. १९८४ मध्ये स्टीफन स्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी एकाच रुग्णाच्या आधीच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू जनुकांच्या पातळीवर ताडून पाहिला. तोच होता.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो एडगर होप-सिम्पसन. इंग्लंडमधल्या सिरन्सेस्टर या लहान गावातला साधा फॅमिली डॉक्टर. मोठी प्रयोगशाळा नाही, विद्यापीठ नाही. आपल्याकडे येणाऱ्या साडेतीन हजार लोकांच्या नोंदी त्यानं १९४७ ते १९६२ अशी सोळा वर्षं ठेवल्या आणि त्यांत नागिणीचे १९२ रुग्ण मोजले. पण योगायोगाच्या आक्षेपाला उत्तर द्यायचं तर अशी जागा हवी होती जिथे शेजारच्या पोराचा प्रश्नच येत नाही. म्हणून १९५३ मध्ये तो स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडमधल्या येल नावाच्या बेटावर गेला. थोडीशी वस्ती, बाहेरच्यांची ये-जा अगदी कमी. तिथे कांजिण्या मध्येच वर्षानुवर्षं नाहीशा होत आणि मग पुन्हा उगवत. बेटावरच्या लोकांशी बोलून त्यानं माग काढला तेव्हा लक्षात आलं, की बाहेरून कुणी आणल्या नसतानाही कांजिण्या उगवू शकतात, कारण त्या बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या मणक्यात जिवंत असतात. एखाद्या आजोबांना नागीण होते, नातवाला कांजिण्या येतात आणि विषाणू पुढच्या पिढीत शिरतो. गोवर असा टिकत नाही. छोट्या बेटावर तो सगळ्यांना गाठतो आणि संपून जातो. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला होप-सिम्पसनचा निबंध आजही नागिणीच्या अभ्यासाचा पाया मानतात.

आता वहिनीच्या प्रश्नाकडे. लागू शकतं, पण किती?

ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लस मिळालेली नाही असं माणूस कांजिण्यांच्या रुग्णाबरोबर एका घरात राहिलं, तर दहांपैकी नऊ वेळांपर्यंत त्याला कांजिण्या येतात. नागिणीचं प्रमाण पुष्कळ कमी. १९४९ मध्ये एडिंबरोतल्या एका पाहणीत आधी कांजिण्या न झालेल्या मुलांपैकी घरातल्या नागिणीपासून त्या आलेल्यांचं प्रमाण साधारण १५ टक्के निघालं. म्हणजे सहा-सात मुलांत एक. थोडं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये २००३ ते २०१० या काळात शाळा आणि पाळणाघरांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा नागिणीच्या ९ टक्के रुग्णांपासून पुढे कांजिण्या पसरल्या होत्या. कांजिण्यांच्या रुग्णांबाबत हा आकडा १५ टक्के होता. दोन पाहण्यांची मोजायची रीत वेगळी, शिवाय तिथल्या बहुतेक मुलांना लस मिळालेली, त्यामुळे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वजाबाकी करू नये. पण दोन्हींतून एकच गोष्ट दिसते. नागिणीपासूनचा धोका कांजिण्यांपेक्षा लहान आहे, पण खरा आहे.

हा फरक पडतो तो वाटेमुळे. कांजिण्यांत विषाणू घशात, श्वासात असतो आणि फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरायला लागतो; म्हणून तिथे घर कितीही जपलं तरी उशीर झालेला असतो. नागिणीत विषाणू मुख्यतः फोडातल्या पाण्यात असतो. फोड येण्याआधी, नुसती आग होत असताना, नागीण कुणाला लागत नाही. फोड सुकून सगळ्यांवर खपली धरली की पुन्हा लागत नाही. मधले सात ते दहा दिवस जपायचे. त्या दिवसांत ओल्या फोडाला हात लागला, किंवा ओल्या फोडाला लागलेला हात, टॉवेल, बनियन दुसऱ्याला लागली, की विषाणूला वाट मिळते.

वेगळं काढायचं ते ओल्या फोडाला. आबांना वेगळं काढायची गरज नसते. फोडांवर डॉक्टरांनी सांगितलेली स्वच्छ, न चिकटणारी पट्टी, त्यावर सैल सुती सदरा, पट्टी बदलल्यावर साबणानं हात धुणं, टॉवेल आणि चादर वेगळी, कपडे गरम पाण्यात. एवढं केलं की धोका खूप खाली येतो. शून्यावर येत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामध्ये २००४ साली एका वृद्धाश्रमात एका रहिवाशाला ठरावीक जागी झालेल्या साध्या नागिणीपासून इतरांना कांजिण्या झाल्या, आणि संशोधकांना वाटलं की विषाणू हवेतूनही गेला असावा. म्हणून पट्टी बांधली तरी ज्यांना कांजिण्यांचा मोठा धोका आहे त्यांनी ते आठ-दहा दिवस त्या खोलीत जाऊ नये. चेहऱ्यावरची नागीण झाकता येत नाही, तिथे जास्त जपावं. आणि फोड अंगभर पसरले असतील, किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती केमोथेरपीनं, अवयव बदलल्यानं किंवा अन्य कारणानं ढासळलेली असेल, तर ती नागीण कांजिण्यांइतकीच हवेतून पसरते असं धरून चालायचं. अशा वेळी इस्पितळात वेगळी खोली देतात ती उगाच नाही.

दूर्वांचा रस, गेरूचा लेप, राख यांबद्दल माझं मत कडक आहे. लेपानं विषाणू मरत नाही. फोड चिघळतात, लेप लावणाऱ्याची बोटं ओल्या फोडांवर फिरतात आणि तीच बोटं अर्ध्या तासानं बाळाला भात भरवतात. त्याहून मोठं नुकसान वेळेचं. नागिणीवरच्या विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा उपयोग फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर होतो. त्यांतली असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते. आमच्याकडे आई गजर लावून द्यायची. त्या गोळ्यांनी नवे फोड यायचे लवकर थांबतात, म्हणजे घरच्यांना लागायचे दिवसही कमी होतात. मंतर घालणाऱ्याच्या दारात तीन दिवस गेले की ही संधी गेली. मग फोड जातात, पण त्या पट्ट्यातली कळ महिनोन्महिने राहते. सदऱ्याचा स्पर्शसुद्धा सोसत नाही. दहा-बारा रुग्णांत एकाला तरी हे भोगावं लागतं, आणि वय जितकं जास्त तितकं हे प्रमाण वाढतं. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला धोका असू शकतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

हर्पिस या शब्दानं दादा थोडा गांगरला होता. ओठावर किंवा गुप्तांगावर येणाऱ्या हर्पिसचा विषाणू वेगळा, फक्त घराणं एक. आबांना लाज वाटावी असं यात काही नव्हतं.

बाळाबद्दल बोलताना सगळ्या बाळांना एका तराजूत घालता येत नाही. आईला पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या असतील तर तिच्या रक्तातली प्रतिपिंडं गर्भातच बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने थोडंफार राखण करतात. वेळेच्या फार आधी जन्मलेल्या बाळाला ती पुरेशी मिळत नाहीत. वर्षाच्या आसपास ही राखण संपलेली असते. एक ते दहा वर्षांच्या धडधाकट मुलाला कांजिण्या आल्या तर बहुतेक वेळा त्या सौम्य असतात: ताप, खाज, पंधरा दिवस शाळा बुडते. ताप आला तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुळीच नाही, कारण कांजिण्यांत तिच्यामुळे यकृत आणि मेंदूला जिवावर बेतणारी इजा होऊ शकते.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून नंतरच्या दोन दिवसांपर्यंत आईला कांजिण्या आल्या तर बाळाला विषाणू मिळतो आणि प्रतिपिंडं मिळत नाहीत. हे बाळ जिवाच्या धोक्यात असतं. आणि घरात गर्भवती असेल, तिला कांजिण्या झालेल्या नसतील, तर नागिणीच्या घरात सगळ्यात आधी तिचा विचार व्हायला हवा. गरोदरपणात कांजिण्या आल्या तर न्यूमोनियाची भीती असते. पहिल्या पाच महिन्यांत आल्या तर गर्भाला व्यंग येण्याची शक्यता थोडी, १३ ते २० आठवड्यांच्या दरम्यान सुमारे २ टक्के. गर्भवतीला स्वतःलाच नागीण झाली तर मात्र गर्भाला ही भीती नसते, कारण तिच्या रक्तात प्रतिपिंडं आधीच तयार असतात. पुष्कळ घरांत हे नेमकं उलटं धरतात.

माझी धाकटी बहीण तेव्हा नागपूरहून माहेरपणाला आलेली, पाचवा महिना चालू. आम्ही आईला विचारलं, हिला कांजिण्या झाल्या होत्या का? आई म्हणाली, झाल्या होत्या. मग म्हणाली, नाही, त्या ताईला. मग म्हणाली, दोघींना गोवर झाला होता एवढं नक्की. आपल्या आयांच्या आठवणीत चार लेकरांची दुखणी अशीच मिसळलेली असतात. ज्यांना लख्ख आठवतं त्यांच्या शब्दावर विसंबता येतं. आमच्याकडे रक्त तपासावं लागलं. अहवाल यायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस ती वरच्या मजल्यावर राहिली. प्रतिपिंडं होती. आईनं देवापुढे साखर ठेवली. प्रतिपिंडं नसती तर ती तयार स्वरूपात देणारं इंजेक्शन द्यावं लागलं असतं, संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. महाग असतं आणि शोधावं लागतं, म्हणून तपासणीला उशीर करू नये.

भाचीला लस दिली. वर्ष पूर्ण झालेल्या निरोगी मुलाला संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत कांजिण्यांची लस टोचली तर रोग टळतो किंवा सौम्य होतो. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात पहिली मात्रा तशीही पंधराव्या महिन्यात असते, दुसरी त्यानंतर काही महिन्यांनी. भाचीची मात्रा महिनाभर आधी झाली, इतकंच.

ही लस आली त्यामागेही एक घर आहे. १९६४ मध्ये जपानी विषाणुतज्ज्ञ मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत ह्यूस्टनला होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या आणि त्या साध्या नव्हत्या. पोर वाचेल की नाही अशी रात्र त्यांनी काढली. ओसाकाला परतल्यावर त्यांनी दुसऱ्या एका मुलाच्या फोडातला विषाणू घेऊन तो पेशींमध्ये पुन्हापुन्हा वाढवत दुबळा केला आणि १९७४ मध्ये लस जगापुढे ठेवली. त्या मुलाच्या कुटुंबाचं नाव ओका. जगभरच्या बहुतेक कांजिण्यांच्या लशींत आजही ओका वाणच असतो. अमेरिकेनं १९९५ पासून ती सगळ्या मुलांना दिली, २००६ पासून दोन मात्रा.

ब्रिटननं मात्र जवळजवळ तीस वर्षं हात आखडता घेतला, आणि त्याचं एक कारण होप-सिम्पसनकडेच जातं. त्यानं असं मांडलं होतं, की नातवंडांच्या कांजिण्यांशी अधूनमधून संपर्क आला की आजी-आजोबांची जुनी प्रतिकारशक्ती पुन्हा जागी होते आणि त्यांच्या मणक्यातला विषाणू दबून राहतो. म्हणजे बाळाच्या कांजिण्यांनी आजोबांना नागीण होत नाही. उलट त्या आजोबांची नागीण लांबवतात. २०२० मध्ये ब्रिटनमधल्याच एका मोठ्या अभ्यासात याला दुजोरा मिळाला: घरातल्या मुलाला कांजिण्या झालेल्या मोठ्यांना पुढची वीस वर्षं नागीण होण्याची शक्यता साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसली. मुलांना लस दिली तर म्हाताऱ्यांची नागीण वाढेल, हा हिशेब ब्रिटननं धरला. हा हिशेब मला मनापासून पटत नाही. लेकरांनी तापानं फणफणून आजोबांची राखण करावी, असं कुठलं घर म्हणेल? आजोबांसाठी वेगळी लस आहे. नागिणीची नवी लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांना, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन मात्रा. चाचण्यांत तिनं नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. अखेर ब्रिटननंही जानेवारी २०२६ पासून मुलांना कांजिण्यांची लस द्यायला सुरुवात केली.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात कांजिण्यांची लस नाही. अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळत नाही; ज्याच्याकडे पैसे आहेत तो खासगी दवाखान्यात टोचून घेतो. नागिणीची लस तर त्याहून कितीतरी महाग. शिवाय उष्ण प्रदेशात कांजिण्या थंड देशांपेक्षा उशिरा गाठतात. तिकडे शाळेत जायच्या वयात बहुतेकांना होऊन जातात. इकडे पुष्कळ माणसं तरुणपणीही सुटलेली असतात, खेड्यातली जास्त. आणि मोठ्यांच्या कांजिण्या मुलांच्या कांजिण्यांपेक्षा कितीतरी जड जातात. म्हणून तिकडच्या पुस्तकातला सल्ला वाचून आपण फक्त बाळाकडे पाहिलं तर चुकतो.

आम्ही चुकलो. भाचीची लस झाली, बहिणीचं रक्त तपासलं, वहिनीला आणि दादाला लहानपणी झाल्याचं त्यांच्या आयांना लख्ख आठवत होतं. दहाव्या दिवशी आबांच्या शेवटच्या फोडावर खपली धरली. त्या दिवसापासून २१ दिवस मी कालनिर्णयावर पेन्सिलीनं मोजले, कारण कांजिण्या अंगात मुरायला दहा ते एकवीस दिवस लागतात. भाचीला काही झालं नाही. ती पुन्हा आबांच्या पोटावर झोपायला लागली.

पण पंधराव्या दिवशीच सकाळच्या कामाची मुलगी आली नव्हती. चार दिवस ताप, अंगभर फोड, तोंडातसुद्धा. बावीस वर्षांची. आबांची चादर रोज तीच काढायची, आई एकटी पडली की आबांना उठवून बनियन बदलायला तीच हात द्यायची. तिला कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी बोकाई वाचत होते, येल बेटाबद्दल टिपणं काढत होते, आणि रोज सकाळी साडेसातला माझ्यासमोरून ती हात न झाकता आबांच्या खोलीत जात होती. तिच्या वस्तीत त्या महिन्यात कुणालाच छोटी माता नव्हती.

तिला आठ महिन्यांचं बाळ आहे. आईला कांजिण्या झालेल्याच नव्हत्या, तेव्हा बाळाला तिच्याकडून प्रतिपिंडं मिळालेली नव्हती, आणि लशीचं वय अजून झालेलं नव्हतं. आम्ही तिचा पगार चालू ठेवला, गोळ्या पोचवल्या, कालनिर्णयावर दुसऱ्या रंगानं पुन्हा दिवस मोजायला घेतले. तेराव्या दिवशी तिचा फोन आला: बाळाच्या पोटावर दोन दाणे होते. मी रिक्षा घेऊन गेले आणि आम्ही दोघी त्याला बालरुग्णांच्या ओपीडीत घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाचा अंगरखा वर केला, दाणे पाहिले, घसा पाहिला, छाती ऐकली. मग तिला विचारलं, घरात आधी कुणाला हर्पिस झाला होता का?

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हमर घर म नइ. जिहां काम करथौं, उहां."